चांदीची परज, मासे धरायचे गळ आणि टिकोपियाचा लास्कर

डोलकाठी | शनिवार, रात्री ११:२०

कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीबद्दल काहीतरी वाचावं म्हणून बसलो आणि भलतीकडेच वाहवत गेलो. गेले दोन महिने जे. डब्ल्यू. डेव्हिडसन या इतिहासकाराचं मिळेल ते वाचतोय. मराठीत त्याच्याबद्दल कुठे काही सापडलं नाही, म्हणून हा धागा. लांबलाय, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

डेव्हिडसन वेलिंग्टनचा, जन्म १९१५. १९४२ साली केंब्रिजला पीएच.डी. केली. विषय होता १७७९ ते १८४२ या काळात दक्षिण प्रशांतात झालेला युरोपीयांचा शिरकाव. ही दोन सालं बघा. १७७९ला कुक हवाईत मारला गेला. १८४२ला फ्रान्सने ताहितीवर 'संरक्षणा'ची छत्री धरली. बाकीच्यांची पुस्तकं जिथे संपतात तिथे हा सुरू करतो. नकाशे काढणारे घरी गेले आणि चंदन, देवमासे, समुद्रकाकड्या यांच्या मागे लागलेले आले, तो मधला अंधारा काळ. पुढे कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत प्रशांताच्या इतिहासाचं स्वतंत्र अध्यासन निघालं, त्यावरचा हा पहिला प्राध्यापक. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की साम्राज्याचा इतिहास लंडनच्या कचेरीतल्या फायलींवरून लिहिला की बेटावरची माणसं त्यात फक्त 'प्रश्न' म्हणून येतात. बेटावर उभं राहून समुद्राकडे बघा, मग जहाजं येताना दिसतील.

आता त्याने आयुष्यभर ज्याचा पिच्छा पुरवला त्या माणसाकडे येतो. पीटर डिलन. जन्म १७८८, मार्टिनिक बेटावर, आयरिश घरातला. धिप्पाड, तापट, व्यापारी कप्तान. डेव्हिडसन १९७३ साली पोर्ट मोर्सबीत वारला तेव्हा डिलनचं चरित्र अपुरंच होतं. ते स्पेट नावाच्या सहकाऱ्याने हातावेगळं करून १९७५ साली छापलं.

डिलनची गोष्ट म्हणजे लापेरूझची गोष्ट. लापेरूझ हा फ्रान्सच्या राजाचा दर्यावर्दी. १७८५ साली 'बूसोल' आणि 'अॅस्ट्रोलाब' अशी दोन जहाजं आणि दोनशेच्या वर माणसं घेऊन ब्रेस्टहून निघाला. जानेवारी १७८८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॉटनी बेला पोहोचला, इंग्रजांचे कैदी नुकतेच तिथे उतरत होते. १० मार्चला नांगर उचलला आणि त्यानंतर त्याचा पत्ताच नाही. चाळीस वर्षं फ्रान्समध्ये हा एक चघळायचा विषय होता. १७९१ला दाँत्रकास्तोला दोन जहाजं देऊन शोधायला पाठवलं. मे १७९३मध्ये एका डोंगराळ बेटाच्या बाजूने तो गेला, त्याला आपल्या जहाजाचं नाव दिलं आणि न उतरता पुढे निघून गेला. ते बेट वानिकोरो. लापेरूझची दोन्ही जहाजं त्याच बेटाच्या खडकांत पडली होती.

मग १३ मे १८२६. डिलन 'सेंट पॅट्रिक' घेऊन वालपराइसोहून कलकत्त्याला चाललाय. वाटेत टिकोपिया हे बेट लागलं, आजच्या सॉलोमन बेटांपैकी. पाचेक चौरस किलोमीटरचा ठिपका. इथे त्याने १८१३ साली दोन माणसं उतरवली होती, ती जिवंत आहेत का बघावं म्हणून थांबला. एक होता मार्टिन बुशार्ट, स्टेटिनचा प्रशियन, बरोबर फिजीची बायको. दुसरा एक हिंदी खलाशी. इंग्रजी कागदात तो फक्त 'लास्कर जो'.

तेरा वर्षांनी होडी आली, तीत हा जो. जहाजावरच्या लोहाराकडे त्याने तलवारीच्या मुठीची एक जुनी चांदीची परज दिली आणि बदल्यात मासे धरायचे काही गळ घेतले. बस्स, एवढाच सौदा. डिलनची नजर त्या परजेवर पडली. त्याला वाटलं, तिच्यावर लापेरूझच्या नावाची अक्षरं कोरलीत. (बहुधा त्याला दिसायची होती म्हणून दिसली.) विचारपूस केली तेव्हा कळलं, की टिकोपियात काचेचे मणी, लोखंडी खिळे, चिनी मातीची भांडी असला बराच माल आहे आणि तो सगळा वानिकोरोहून येतो. म्हातारे पोरवयात होते तेव्हा तिथे दोन मोठी जहाजं फुटली. टिकोपियाचे लोक पश्चिमेला दोन दिवसांच्या होडीच्या वाटेवरच्या त्या बेटावर नेहमी जात-येत. जो स्वतःही जाऊन आला होता.

म्हणजे पॅरिसला चाळीस वर्षं न सुटलेलं कोडं टिकोपियात कोडं नव्हतंच. ती शेजारच्या गावची बातमी होती.

डेव्हिडसनबद्दल तुमचं मत काय, आणि 'बेटावरून बघणं' खरंच जमतं का, यावर बोलूया.

---

सुरंगी | शनिवार, रात्री ११:५१

वाचतेय. पहिला प्रतिसाद माझाच, कारण झोप उडाली.

'परज' हा शब्द किती दिवसांनी वाचला! आमच्या आजोळी एका भिंतीवर तलवार होती, आजोबा मुठीवरच्या त्या वाटोळ्या पट्टीला परज म्हणायचे. बोटं वाचवायला असते ती. बाकीचे सरसकट मूठ म्हणून मोकळे होतात.

एक बारीक मुद्दा. मराठीत 'शोध घेणे' आणि 'शोध लागणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची कथा त्या फरकावर उभी आहे. दाँत्रकास्तोने शोध घेतला. शोध लागला टिकोपियात, तोही न घेता.

---

डोलकाठी | रविवार, सकाळी ७:१०

@सुरंगी, आता गंमत ऐका. दाँत्रकास्तोने वानिकोरोला ज्या जहाजाचं नाव दिलं ते 'रशेर्श'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शोध! म्हणजे ज्या बेटावर सगळं पडलं होतं त्याला 'शोध बेट' म्हणून हा गडी पुढे गेला. आणि डिलनला ईस्ट इंडिया कंपनीने नंतर जे जहाज दिलं त्याचंही नाव 'रिसर्च'. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

---

तिरकस | रविवार, सकाळी ८:३४

छान. पण फ्रेंच बुडाले, आयरिश माणसाने शोधले, न्यूझीलंडच्या माणसाने लिहिलं. आपण मराठीत हे का वाचायचं? एका हिंदी खलाशाचं नाव आलं म्हणून छाती फुगवायची का? सह्याद्रीतले निम्मे किल्ले नीट मोजलेले नाहीत आणि आम्ही चाललो वानिकोरोला.

---

खारेपाट | रविवार, सकाळी ९:०२

तिरकसराव, छाती फुगवायची तर मी फुगवतो, माझे पणजोबा बोटीवर सारंग होते. लास्कर म्हणजे आपल्याच लष्करचा अपभ्रंश. गोऱ्यांच्या जहाजांच्या हजेरीपटात 'सेरांग' आणि 'टिंडल' हे शब्द सर्रास येतात. सेरांग म्हणजे आपला सारंग, टिंडल म्हणजे तांडेल. कोळीवाड्यात आजही तांडेल आडनावाची घरं आहेत. मग हा जो रत्नागिरीकडचा असायला काय हरकत आहे? कोकणातल्या मुसलमान गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर गेलीत.

---

डोलकाठी | रविवार, सकाळी ९:४०

@खारेपाट, मोह मलाही झाला होता. पण हा जो ज्या 'हंटर' जहाजावरून आला ते कलकत्त्याचं. कलकत्त्याच्या जहाजांवर भरती होणारे बहुतेक चितगाव-सिल्हेटकडचे. कोकणातली माणसं मुंबईच्या जहाजांवर चढायची. त्याला रत्नागिरीचं रेशनकार्ड आपण परस्पर देऊ नये.

@तिरकस, संबंध चंदनाचा लावता येईल. १८००नंतर दहा-बारा वर्षं सिडनी आणि कलकत्त्याची जहाजं फिजीत चंदनासाठी झुंबड करत होती. माल जायचा चीनमधल्या कँटनला. तिथे तोवर विकलं जायचं ते म्हैसूर-मलबारकडचं. म्हणजे आपल्या चंदनाला प्रतिस्पर्धी उभा राहिला तो फिजीच्या वनुआ लेवू बेटावरच्या बुआ खाडीत. १८१४च्या सुमाराला तिथलं चंदन संपलंदेखील. पंधरा वर्षांत जंगल साफ.

---

नाखवा | रविवार, दुपारी १:१५

मी तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. आता निवृत्त, म्हणून या धाग्यावर लिहायला वेळ आहे.

दाँत्रकास्तो न उतरता गेला म्हणून त्याला हसू नका. वानिकोरोभोवती प्रवाळाचं कडं आहे. प्रवाळाचा खडक दिसण्यासाठी सूर्य पाठीशी आणि डोक्याच्या जरा वर असावा लागतो, माणूस डोलकाठीवर चढलेला असावा लागतो (धागाकर्त्याने नाव बरोबर घेतलंय). उन्हात पाणी निळं, मग हिरवट, मग तपकिरी दिसलं की समजायचं, थांबा. सूर्य समोर असेल तर पाण्यावर नुसती चकाकी, खाली काय आहे कळत नाही. पावसात आणि रात्री तर देवाचं नाव. शिवाय तिथे मार्च-एप्रिलपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम. लापेरूझ बॉटनी बेहून १० मार्चला निघाला, हे वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

आणखी एक. प्रशांतातल्या आडबाजूच्या काही नकाशांवर आमच्या काळातही एकोणिसाव्या शतकातली मोजणी होती. काही खडकांपुढे 'पी. डी.' लिहिलेलं असायचं, म्हणजे जागा संशयास्पद. काहींपुढे 'ई. डी.', म्हणजे मुळात आहे की नाही हेच संशयास्पद. जीपीएस हातात घेऊन अशा नकाशावर जहाज नेताना काय वाटतं ते आम्हालाच ठाऊक.

टिकोपियाचे लोक दोनशे किलोमीटरच्या वर उघड्या समुद्रातून होडीने वानिकोरोला जात, तेही कागदाशिवाय. दंडवत.

---

कोरडा ओढा | रविवार, दुपारी ३:४८

धागा उत्तम, पण मी मीठ टाकायला आलोय.

डिलनची सगळी कहाणी कोण सांगतं? डिलन. त्याचं पुस्तक १८२९चं. १८१३ची फिजीतली मारामारी त्यात सोळा वर्षांनी रंगवून सांगितली आहे. श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकरे यांनी तिची चिरफाड केलीय. त्यांचा रोख असा की 'रानटी लोकांनी माझ्या डोळ्यांदेखत माणसं भाजून खाल्ली' हे दर्यावर्द्यांच्या गप्पांतलं हुकमी पात्र आहे आणि डिलनला ते चांगलं वठवता येत होतं.

याच ओबेयसेकऱ्यांनी १९९२ साली कुकच्या मृत्यूवरून मार्शल सालिन्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाशी भांडण काढलं. सालिन्सचं म्हणणं, हवाईच्या लोकांनी कुकला लोनो देव मानलं, उत्सव संपल्यावर तो अवेळी परत आला आणि १४ फेब्रुवारी १७७९ला केआलाकेकुआच्या किनाऱ्यावर मारला गेला. ओबेयसेकरे म्हणाले, गोऱ्या माणसाला देव मानलं ही कथा हवाईची नव्हे, युरोपची. आमच्याकडेही गोरे आले, आम्ही कुणाला देव मानलं नाही. सालिन्सने १९९५ला पुस्तकभर उत्तर दिलं, की तुम्ही हवाईच्या लोकांना श्रीलंकेच्या शहाणपणाने वागायला लावताय, हाही एक साम्राज्यवादच.

तेव्हा 'बेटावरून बघणं' हे बोलायला ठीक. बेटावर उभा राहतो कोण? वेलिंग्टनचा डेव्हिडसन, शिकागोचा सालिन्स.

---

डोलकाठी | रविवार, सायंकाळी ६:०५

@कोरडा ओढा, मीठ योग्य प्रमाणात आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती मारामारी सांगतो. सप्टेंबर १८१३, वनुआ लेवूवरचं वाइलिया. 'हंटर'च्या कप्तान रॉबसनने तिथल्या सरदाराला त्याच्या लढाईत मदत केली आणि बदल्यात चंदन मागितलं. चंदन पुरेसं येईना. मग रॉबसनने त्यांच्या होड्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि माणसं गावावर चालून गेली. झाडीत डाव उलटला. डिलन, बुशार्ट आणि काही जण एका उंच कातळावर चढले. खाली शेकडो लोक. चार्ल्स सॅव्हेज नावाचा एक गोरा बरीच वर्षं फिजीच्या सरदारांकडे बंदूक घेऊन राहत होता, त्याला भाषा येत होती. तो बोलणी करायला खाली उतरला आणि मारला गेला. लुईस नावाचा एक चिनी खलाशीही उतरला, त्याचंही तेच झालं. शेवटी डिलनने बोलणी करायला वर आलेल्या पुजाऱ्याला धरलं, त्याच्या डोक्याला बंदूक लावली आणि त्याच्या मागोमाग उरलेले तिघे उतरून होडीपर्यंत गेले. बुशार्ट म्हणाला, फिजीत परत गेलो तर जीव जाईल, जी पहिली जमीन लागेल तिथे उतरवा. पहिली लागली टिकोपिया.

आता यात शिजवलेलं किती आणि घडलेलं किती? भाजून खाल्ल्याची वर्णनं वगळा. तरी एक गोष्ट उरते, जी डिलनला लपवता आली असती पण त्याने लपवली नाही: होड्यांवर पहिला हात रॉबसनने टाकला. डेव्हिडसनच्या पद्धतीचा फायदा मला इथे दिसतो. सरदाराला चंदन द्यायचं होतं की नव्हतं, त्याची स्वतःची लढाई कुणाशी होती, त्या राजकारणात हे गोरे कसे भाड्याने वापरले गेले, असे प्रश्न त्या कातळावरच्या थरारकथेला विचारता येतात.

---

तिरकस | रविवार, सायंकाळी ६:३०

म्हणजे पेशवाईत फिरंगी गोलंदाज ठेवायचे तसंच. सॅव्हेज म्हणजे फिजीचा गारदी. आता जरा रस यायला लागलाय, पण मान्य करणार नाही.

---

दक्षिणवारा | सोमवार, पहाटे ४:५५

ऑकलंडमधून लिहितेय, इथे सकाळ केव्हाच उलटली. बारा वर्षं इथे आहे.

डेव्हिडसनबद्दल एक गोष्ट राहिली. तो नुसता ग्रंथालयात बसणारा नव्हता. पश्चिम सामोआ न्यूझीलंडच्या ताब्यात असताना तिथे त्याने सरकारी काम केलं आणि पुढे राज्यघटना लिहिताना सामोआच्या नेत्यांचा सल्लागार झाला. १ जानेवारी १९६२ला सामोआ स्वतंत्र झालं, प्रशांतातला पहिला बेटदेश. मग कुक बेटं, नाउरू. वारला तेव्हाही पापुआ न्यू गिनीच्या घटनेचंच काम चालू होतं. इतिहास लिहिणारा माणूस इतिहासात लुडबुड करतो याचा काहींना राग होता. मला मात्र वाटतं, मताई म्हणजे सामोअन कुटुंबप्रमुख सभेत कसे बसतात, कोण आधी बोलतो, कोण गप्प राहून नकार देतो, हे बघितलेला माणूस जुनी कागदपत्रं वेगळी वाचतो.

पण कोरडा ओढा यांचा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर पुढच्या पिढीने दिलं. १९९३ साली सुव्हाच्या विद्यापीठातले एपेली हाउओफा, मूळ टोंगाचे, त्यांनी म्हटलं की आम्हाला 'दूरच्या समुद्रातली बेटं' म्हणून लहान करू नका, आम्ही 'बेटांचा समुद्र' आहोत. मधलं पाणी हे अंतर नाही, रस्ता आहे. नाखवाकाकांनी टिकोपियाच्या होड्यांबद्दल लिहिलं, ते हेच.

आणि तुपाइया! रायआतेआ बेटाचा पुजारी आणि वाटाड्या. १७६९च्या जुलैत कुकच्या 'एन्डेव्हर'वर चढला. त्याने सांगितलेला नकाशा आहे, सत्तरच्या वर बेटं. न्यूझीलंडला आल्यावर माओरी लोकांशी बोलला तोच, कारण भाषा जवळची. इथे कित्येक माओरी घराण्यांच्या आठवणीत ते जहाज तुपाइयाचं, कुक त्यातला एक उतारू. बटाव्हियात (आजचं जाकार्ता) १७७०च्या डिसेंबरात तापाने गेला. एक चित्र आहे, माओरी माणूस शेवंडा देतोय आणि इंग्रज कापड देतोय, दोघे हात न सोडता एकमेकांवर डोळे ठेवून उभे. बरीच वर्षं ते कुणा अज्ञात इंग्रजाचं समजलं जायचं. १९९७ साली 'एन्डेव्हर'वरच्या निसर्गशास्त्रज्ञाचं, जोसेफ बँक्सचं, एक पत्र सापडलं, त्यावरून कळलं की चित्रकार तुपाइया होता.

बीगलहोल या इतिहासकाराने कुकच्या रोजनिशांचे जे जाडजूड खंड काढले, टीपांसकट, ते माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कष्टाचं काम. पण तुपाइया त्यात तळटीपेत जास्त भेटतो. बीगलहोल कुकच्या खांद्यावर बसून बघतो, डेव्हिडसन उतरून किनाऱ्यावर जातो. दोघेही वेलिंग्टनचेच, हे विशेष.

---

खारेपाट | सोमवार, सकाळी ९:२०

@दक्षिणवारा, ते चित्र बघितलं आत्ता. कापड दोन्ही हातांनी घट्ट धरलंय, शेवंड तोवर सोडायची नाही! आमच्या बाजारात भाव ठरताना अगदी हेच. माझी आत्या पापलेट टोपलीत ठेवून त्याची शेपटी धरून ठेवते, पैसे दिसल्याशिवाय सोडत नाही.

---

चिंगी | सोमवार, सकाळी ११:४४

इतका वेळ फक्त वाचत होते. वसाहतीचा भाग मागे राहतोय असं वाटलं. मोहिमा, कोडी, परज यांत रमायला होतं. त्यांच्या मागून काय आलं?

डेव्हिडसनच्याच विभागात हॅरी मॉड होता. आधी गिल्बर्ट बेटांवर ब्रिटिश अधिकारी, नंतर संशोधक. त्याने दोन कामं केली, दोन्ही वाचण्यासारखी. एक, १९६४चा निबंध, बेटांवर राहून गेलेल्या खलाशांबद्दल. तुमचा बुशार्ट आणि जो त्या जातीचे. पळून आलेले, बुडता वाचलेले, सरदाराच्या आसऱ्याने राहिलेले. ते राज्य करायला आले नव्हते, बेटावर ते आश्रित होते.

दुसरं काम अंगावर येणारं. १८६२-६३मध्ये पेरूची जहाजं बेटाबेटांवर फिरली आणि फसवून, पळवून साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मजुरीला नेली. एकट्या ईस्टर बेटावरून चौदाशेच्या आसपास. बहुतेक मेली. जी थोडी परत सोडली त्यांच्याबरोबर देवी आली आणि मागे उरलेलेही गेले. कोणाकोणाला नेलं याचा हिशेब मॉडने बेटवार लावला. तो हिशेब वाचताना दोनदा बाजूला ठेवला.

आणि फिजी. १८७४ला इंग्रजांनी घेतलं. दुसऱ्याच वर्षी सिडनीहून परतलेल्या राजाच्या जहाजातून गोवर आला, चाळीस हजारांच्या घरात माणसं गेली. पहिल्या गव्हर्नरचं धोरण म्हणजे फिजियन लोकांना मळ्यावर राबवायचं नाही. ऐकायला चांगलं. मग ऊस कोण तोडणार? १८७९ ते १९१६, साठ हजारांवर हिंदुस्थानी गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर. बिहार, संयुक्त प्रांत, नंतर मद्रासकडचे. @तिरकस, संबंध विचारत होतात ना?

---

तिरकस | सोमवार, दुपारी १२:१०

विचारत होतो. मिळाला.

---

कोरडा ओढा | सोमवार, दुपारी २:०२

@चिंगी, +१. माझाही आक्षेप थोडा मागे घेतो. मॉड हा वसाहतीचाच अधिकारी, पण पेरूचं काम तोच करू शकला, कारण बेटांवरची घराणी त्याला माहीत होती. माणूस कुठून आला यावरून तो काय बघेल हे ठरतं, पण पूर्ण ठरत नाही.

बरं, डिलनचं पुढे काय झालं? आम्हाला अर्ध्यात सोडून धागाकर्ते तुपाइयाकडे गेले.

---

डोलकाठी | सोमवार, रात्री १०:३०

मी नाही गेलो, दक्षिणवारा घेऊन गेल्या! सांगतो.

'सेंट पॅट्रिक' १८२६ला वानिकोरोजवळ वारा पडून अडकली. अन्न संपत आलेलं, जहाज गळतंय. डिलन तसाच कलकत्त्याला गेला आणि बंगाल सरकारच्या मागे लागला. कंपनीने 'रिसर्च' दिली. चंद्रनगरहून एक फ्रेंच प्रतिनिधी साक्षीला चढवला आणि टायटलर नावाचा विद्वान डॉक्टर सोबत दिला. डॉक्टर आणि कप्तान यांचं हाडवैर जमलं. होबार्टला पोहोचेपर्यंत प्रकरण कोर्टात गेलं, मारहाणीबद्दल डिलनला दोन महिन्यांची शिक्षा झाली. मोहीम बंदरात, कप्तान तुरुंगात.

सुटल्यावर सप्टेंबर १८२७मध्ये वानिकोरो. टिकोपियाचा एक माणूस वाटाड्या आणि दुभाषी म्हणून बरोबर होता. लोकांनी दाखवलं: एक जहाज बाहेरच्या कड्यावर आदळून बुडालं, दुसरं कड्याच्या फटीत रुतलं. त्यातले वाचलेले किनाऱ्यावर आले, कुंपण घालून राहिले, फुटक्या लाकडांतून एक लहान जहाज बांधलं आणि काही महिन्यांनी निघून गेले. दोन माणसं मागे राहिली होती. डिलनने लोखंडी हत्यारं आणि कापड देऊन वस्तू गोळा केल्या. पितळी तोफा, जात्याचे दगड, भांडी, फ्रेंच राजचिन्हाची फुलं कोरलेली एक फळी. आणि एक काशाची घंटा, तिच्यावर फ्रेंचमध्ये 'मला बाझँने घडवलं'. घंटाच पहिल्या पुरुषात बोलते, हे मला फार आवडलं. आपल्याकडे ताम्हनावर, घागरीवर नावं घालायची चाल आहे, पण घागर 'मी' म्हणत नाही.

या वस्तू पॅरिसला गेल्या. ओळखायला बोलावलं बार्तेलेमी द लेसेप्सला. हा लापेरूझच्या मोहिमेतला दुभाषी. कामचाटकात त्याला रोजनिशांचे कागद देऊन जमिनीच्या वाटेने घरी पाठवलं होतं, म्हणून वाचला. सुएझ कालवेवाला लेसेप्स याचा पुतण्या. आता म्हातारा झालेला. चाळीस वर्षांनी त्याने त्या वस्तूंना हात लावला. डिलनला 'लीजन ऑफ ऑनर' आणि वर्षाला ४००० फ्रँक मिळाले. वस्तू लूव्रमधल्या तेव्हाच्या नव्या नौदल संग्रहालयात मांडल्या.

---

नाखवा | मंगळवार, सकाळी ८:०५

ती दोन जहाजं नक्की लापेरूझचीच हे कशावरून? घंटा तर कुठल्याही फ्रेंच जहाजावर असेल.

---

डोलकाठी | मंगळवार, सकाळी ८:५०

@नाखवा, रास्त प्रश्न. लेसेप्सच्या साक्षीवर बराच काळ चाललं. बाहेरच्या कड्याखालचं जहाज 'बूसोल'च, हे पक्कं झालं २००५ साली. पाणबुड्यांना तिथे एक सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जहाजाची जागा काढायचं उपकरण) मिळाला, त्यावर कारागिराचं नाव: मर्सिये. 'बूसोल'वर नेलेल्या उपकरणांच्या यादीत तसाच सेक्स्टंट होता.

---

नाखवा | मंगळवार, सकाळी ९:१२

पटलं. जहाज बुडतं, सेक्स्टंटवरचं नाव राहतं.

---

सुरंगी | मंगळवार, रात्री ९:४०

सगळं वाचलं. पण माझा जीव पहिल्या होडीत अडकलाय. तो जो. त्याने परज दिली, गळ घेतले, वानिकोरोची माहिती दिली. डिलनला शौर्यपदक. बुशार्ट? जो?

---

डोलकाठी | मंगळवार, रात्री १०:१५

@सुरंगी, १८२६ला डिलनने दोघांनाही विचारलं, वानिकोरोला चला. बुशार्ट तयार झाला, कलकत्त्यापर्यंत गेला, पुढच्या वर्षी 'रिसर्च'वरून परत आला.

जो नाही म्हणाला. तेरा वर्षांत त्याचं टिकोपियात बस्तान बसलं होतं, तिथलाच होऊन गेला होता. कलकत्त्याला जाणारं जहाज समोर उभं होतं, कप्तान ओळखीचा होता, आणि तो गळ घेऊन होडीत उतरला.

---

तिरकस | मंगळवार, रात्री १०:३१

शहाणा माणूस. त्या दिवशीच्या सौद्यात ज्याला हवं ते मिळालं असा तोच एकटा दिसतोय मला.

धागाकर्ते, पुढचा धागा बुआच्या चंदनावर काढा. म्हैसूरच्या भावासकट. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत), हे मी म्हटलंय असं कुणाला सांगू नका.